सरहाननं न दिलेली हाक

आमच्या मुरैर गावात खजुराची चारशेबारा झाडं आहेत, आणि त्यांतलं एकही माझा नवरा नुसतं 'झाड' म्हणून ओळखत नाही. हे मशिदीमागचं वाकडं, हे हट्टी, हे दर तिसऱ्या वर्षी रुसणारं. आमच्या मयसाचं लग्न कोणत्या साली झालं म्हणून विचारा, तो सांगेल, "वाकड्याला एकोणीस घड लागले होते, त्या साली." पोरीनं त्या दिवशी काय नेसलं होतं, ते त्याला सांगता येणार नाही. त्याच्या बायकोचं वय त्याला ठाऊक नाही. ती मी, झुवैना.

नवरा माझा, सरहान, बिदार आहे. गावाची खजुराची झाडं ज्याच्या हाती सोपवलेली असतात तो बिदार. जुन्या झावळ्या छाटायच्या, काटे काढायचे, माघार घेणाऱ्या झाडाला खतपाणी सांगायचं, थंडी सरताना नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात बांधायचा, घड वाकवून झावळीवर टेकवायचे, उन्हाळ्यात उतरवायचे, आणि आजारी झाडाची चिरफाडही करायची. त्याबद्दल दर झाडामागे एक घड त्याचा. चाळीस वर्षं तो हेच करतो आहे. एकसष्टावं सरलं, पण पाय जमिनीवर ठरत नाहीत. पायाला भिंगरी म्हणतात ते असल्याच माणसांना पाहून म्हणत असावेत. जेवताना मध्येच उठतो, दारात जाऊन वारा कुठून आलाय बघतो, परत येऊन बसतो. भात गार होतो आणि माझं डोकं तापतं.

त्याची हत्यारं एका तागाच्या पिशवीत मावतात. बारीक दात्यांचा विळा, आखूड करवत, छिन्नी, हातोडी, धार लावायचा दगड, हातभर लांबीची एक बारीक सळई. आणि दोरी. ती पिशवीत नसते, ती दाराच्या खुंटीला. खजुराच्या काथ्याची, पाठीला टेकते तिथं वीतभर रुंद विणलेली. कमरेमागून आणि खोडामागून ती घ्यायची, पाय खोडाला लावायचे, अंग मागं टाकायचं, दोरी वर उडवायची, पाऊल वर. दरवर्षी थंडीत तो नवी वळतो आणि टोक धरायला मी बसते. ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेत नाही. माझा बापही बिदार होता, आणि तो शेवटच्या झाडावरून चालत खाली आला नव्हता. म्हणून टोक धरताना मी प्रत्येक पेड बोटांनी दाबून बघते. सरहान म्हणतो, किती बघशील. मी म्हणते, माझं मन भरेपर्यंत.

याशिवाय एक काडी आहे. झावळीचा मधला दांडा सोलून, वाळवून गुळगुळीत केलेली, हातभर लांब. एक टोक खोडाला, एक कानाच्या भोकाशी. झाडात किडा शिरला असेल तर बाहेरून काही दिसायच्या आत आत तो कुरतडताना ऐकू येतो. सासऱ्यांची होती ती. डॉक्टर छातीला नळी लावतो तसलंच ते.

आता हाकेचं सांगते, कारण सगळं रामायण—म्हणजे तुमच्याकडे म्हणतात तसं—त्या हाकेवरून झालं.

झाडाच्या शेंड्यावरून चारही बाजूंची अंगणं तळहातावर असल्यासारखी दिसतात. बाया अंगणात उघड्या डोक्यानं असतात, पोरांना अंघोळ घालतात, दुपारी सावलीत पाय पसरून पडतात. म्हणून बिदारानं पाऊल खोडाला लावायच्या आधी मोठ्यानं हाक द्यायची: "या सातिर! झाडावर माणूस आहे!" सातिर म्हणजे झाकणारा, आमचा अल्लाह. मग बाया आत जातात, नाहीतर पदर ओढून घेतात. वर गेल्यावरही बिदारानं नजर खोडावर ठेवायची, आणि चुकून काही दिसलंच तर ते झाडावरच सोडून खाली यायचं. चाळीस वर्षांत मी किती परीनं विचारलं असेल. कुणाच्या घरी भांडण, कुणाची सून परसात रडत होती. हा माणूस हूं की चूं करत नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि याच्या तोंडात दगडही विरघळेल. देवानं जोड्या लावताना काय विचार केला असेल, त्यालाच माहीत.

तर गेल्या थंडीच्या अखेरीस, एका बुधवारी सकाळी, सरहान रय्याच्या नग़ाल खजुरावर चढला आणि त्यानं हाक दिली नाही.

रय्या आमची शेजारीण, नबहानची आई. लहानपणी आम्ही दोघी एकाच पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसत असू. तिचा नवरा सैद वारला त्याला अकरा वर्षं झाली. नबहान मस्कतला नोकरी करतो, गुरुवारी संध्याकाळी येतो. तो जन्मला त्या आठवड्यात सैदनं कुंपणाच्या भिंतीलगत नग़ाल जातीचं रोप लावलं होतं. नग़ाल सगळ्यांच्या आधी पिकतो, आणि गावातला पहिला पिकला खजूर रय्याच्या त्या झाडाचा. पहिलं ताट ती घरोघर फिरवायची, प्रत्येक घराला सात-सात दाणे. सैद असताना तो फिरवायचा. झाडाला ती 'सैदचं' म्हणते.

त्या बुधवारी रय्या मेंदी धुऊन अंगणात केस वाळवत बसली होती. सावली हलल्यासारखी वाटली म्हणून तिनं वर पाहिलं, तर शेंड्याशी सरहान. तोंड तिच्या अंगणाकडे. हलत नाही, बोलत नाही, हातात विळा नाही. ती ओरडली नाही. उठून आत गेली, दार लावलं आणि मस्कतला पोराला फोन केला. पण फोन तिनं खिडकीशी उभं राहून केला असावा, कारण दुपारच्या नमाजापर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला पाटावर भांडी घासताना कळलं. मला सगळ्यांत शेवटी. मी भांडी घेऊन गेले तशा बाया गप्प झाल्या. गप्प बायांइतकं वाईट काही नाही. शेवटी एकीनं, मोठं मन करून, सांगितलं.

घरी आले. सरहान ओट्यावर विळ्याला धार लावत होता. धार आधीच लागलेली होती.

मी विचारलं, "हाक दिली नाहीस?"

"विसरलो."

"चाळीस वर्षांत नाही विसरलास ते आज?"

"विसरलो म्हटलं ना, झुवैना."

त्यानं दगड खाली ठेवला, उठला आणि निघून गेला. मी त्याच्या मागं दहा पावलं टाकून गेले, एवढा माझा संताप झाला होता. तर हा रय्याच्या कुंपणाबाहेर, नग़ालच्या बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल खोडाला लावून उभा. गावभर बोभाटा झालेला, आणि हा भर दिवसा त्याच झाडाला मिठी मारतोय. मला लाजेनं मरावंसं वाटलं. मी परत फिरले. तो आल्यावर मी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला त्याचा पत्ता लागला नाही, याचा मला आणखी राग आला.

शुक्रवारी नमाजानंतर मजलिस, म्हणजे गावातल्या पुरुषांची बैठक, बसली. बायका तिथं नसतात, पण माझा भाऊ होता, त्यानं सगळं येऊन सांगितलं. नबहान आधी अदबीनं बोलला. "सरहानकाका, तुम्ही मला खांद्यावर घेऊन हिंडवलंय. तुम्हीच सांगा, मी काय समजू?" सरहान म्हणाला, विसरलो. शेख मुहन्ना आमचे वडीलधारे, भला माणूस. त्यांनी दोनदा विचारलं, दुसरं काही कारण होतं का? कर नाही त्याला डर कशाला, बोल की. सरहाननं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. मग कोणी म्हणालं, वय झालं. कोणी म्हणालं, वय झालं की नजर जास्तच फिरते. हसले काही जण. शेखांनी त्यांना दटावलं, पण शेवटी ठरलं ते असं, की नवं काही ठरेपर्यंत सरहाननं झाडावर चढायचं नाही, आणि रूढीप्रमाणे त्याची दोरी मजलिसच्या खुंटीला टांगायची. भाऊच ती न्यायला आला. मी काढून दिली. माझ्या हातांनी दाबून बघितलेली दोरी.

आता हे दिवस कसले, ते ऐका. मादीचा फुलोरा उकलला की तीन-चार दिवसांत नराचा फुलोरा त्यात बांधावा लागतो, नाहीतर त्या घडाला बिनबियांच्या फोलपटांशिवाय काही धरत नाही. सगळ्या वर्षाचा खजूर त्या पंधरा-वीस दिवसांवर. शहरातून दोन माणसं शिडीची गाडी घेऊन आली. चांगली पोरं होती, मेहनती. पण सरहान खाली उभा राहून त्यांच्याकडे बघायचा आणि त्याचे हात आपोआप हलायचे, फुलोऱ्याची काडी उलटी धरून पातीनं गाठ मारल्यासारखे. घरात येऊन बसायचा, उठायचा, बाहेर जायचा. दिवसातून सहा वेळा नग़ालकडे. परत आला की माझ्याकडे न बघता पाणी प्यायचा. एकदा मी रागानं म्हटलं, त्या झाडाशी निकाह लाव. तो म्हणाला, "त्याला वेळ कुठाय आता?" आणि हे बोलल्यावर स्वतःच दचकला.

मला तेव्हाही कळलं नाही. बिदाराची पोर, बिदाराची बायको, आणि मला कळलं नाही, कारण रागानं डोळ्यांवर पट्टी बांधली होती. कळलं ते धुण्यामुळे. त्या बुधवारचा त्याचा दिशदाशा, तो पायघोळ अंगरखा, मी रागानं कोपऱ्यात फेकला होता. तो आठवड्यानं पाण्यात घातला, तर बाहीवर तपकिरी चिकट डाग, आणि वास. आंबलेल्या पिठाचा, थोडा कुजका, गोडूस. हा वास मी सात वर्षांची असताना बापाच्या अंगाला घेतला होता, आणि त्या उन्हाळ्यात गावातली तीस झाडं पाडली होती.

मी ओला कपडा तसाच घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. "भुंगा?"

त्यानं मान डोलावली.

मग सगळं बाहेर आलं, तेही तुकड्यातुकड्यानं, कारण या माणसाच्या तोंडून वाक्य काढायचं म्हणजे दगडातून तेल काढायचं. मंगळवारी बुंध्याशी काडी लावली तेव्हा त्याला शंका आली होती. पण आवाज वरून येत होता. बुधवारी पहाटेपासून वारा होता, तो पडला तसा सरहान चढला. "हाक दिली की किडा थांबतो, झुवैना. आवाजानं थांबतो, मग अर्धा अर्धा तास हलत नाही. मला ऐकायचं होतं, किती आत गेलाय ते." म्हणून तो एक शब्द न काढता चढला, काडी लावली आणि ऐकत राहिला. नंतर सळई घालून बघितली. गाभ्याच्या दोन बोटं अलीकडे पोकळ लागलं. शेंड्याच्या गाभ्यातून खजुराची नवी पानं येतात. तो गेला की झाड उभं दिसतं खरं, पण मेलेलं असतं. दोन बोटं म्हणजे वाचवता येत होतं. गुरुवारी रय्याला सांगून, छिन्नीनं पोखरून, किडे काढून, राख-मीठ-मातीनं भरून. पण गुरुवारपर्यंत तिचं दार बंद झालेलं होतं.

"मग मजलिसमध्ये का नाही बोललास? बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि तुझे गहू घरात सडतायत."

तो म्हणाला, "पकडला गेल्यावर झाडाचं निमित्त सांगतोय, म्हणाले असते. आणि सांगायचं म्हणजे तो कुठून शिरला तेही सांगावं लागलं असतं."

कुठून शिरला, ते त्यानं सांगितलं तेव्हा मी खाली बसले. गेल्या उन्हाळ्यात नबहाननं गच्चीवर टीव्हीची तबकडी बसवली. नग़ालच्या तीन झावळ्या आड येत होत्या. उन्हाळ्यात हिरवी झावळी कापायची नाही, त्या ओल्या घावाच्या वासावर भुंगा अंडी घालायला येतो, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत. सरहान नको म्हणाला होता. नबहान हसून म्हणाला, "काका, झाड माझ्याच नावचं आहे ना?" आणि सरहाननं कापल्या. घावांवर माती लावायला दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला, आणि ते मात्र खरंच राहून गेलं.

"पोरगा अजाण होता," तो म्हणाला. "मी नव्हतो. आता तिला जाऊन काय सांगू, तुझ्या पोरानं बापाचं झाड मारलं?"

शेतकी खात्याला कळवायचा विचार त्यानं केला होता. त्या माणसांची चूक नाही. पण शेंड्याला कीड लागलेलं झाड दिसलं की त्यांच्याकडे एकच उपाय, पाडा, चिरा, खोल पुरा. एका झाडामागे चारशे जाऊ नयेत म्हणून. त्याला त्याआधी एक सकाळ हवी होती, दोरी आणि छिन्नीसकट. ती कोणी देत नव्हतं.

त्यानं माझ्याकडून वचन घेतलं की मी रय्याला एक शब्द बोलणार नाही. मी दिलं. आणि पाळलंही, आजवर कुणाला दिलेलं इतकं कसोशीनं पाळलेलं माझं हे एकच. तो दुपारी नमाजाला गेला तशी मी पिशवीतून काडी काढली आणि रय्याच्या दारावर थाप मारली.

तिनं दार अर्धं उघडलं. "आता तू आलीस त्याच्या वतीनं?"

मी काही बोलले नाही. काडी दाखवली आणि गच्चीच्या जिन्याकडे बोट केलं. तिला वाटलं असावं, ही चळली. "काय ते तोंडानं सांग," ती म्हणाली. मी मानेनंच नाही म्हटलं. लहानपणी अबोला धरला की आम्ही असंच करायचो, हातवारे. तिला हसू आलं नाही, पण दार पूर्ण उघडलं.

गच्चीच्या कठड्यापासून नग़ालचं खोड हाताच्या अंतरावर होतं. शेंडा डोक्याच्या थोडा वर. वरून तो वास नुसता नाकाला नव्हे, घशाला लागत होता. मी काडीचं टोक खोडाला टेकवलं, दुसरं तिच्या कानाशी धरलं आणि तिच्या तोंडावर माझा हात ठेवला. श्वाससुद्धा हळू, अशी खूण केली.

ती ऐकत राहिली. बराच वेळ. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी कपाळाला आठ्या होत्या, मग त्या गेल्या. मग तिनं कठडा घट्ट धरला. खाली रस्त्यावरून कुणीतरी बकऱ्या हाकत गेलं आणि ती कुजबुजली, "थांबला." परत ऐकत राहिली. "लागला पुन्हा. वाळकी भाकरी चावल्यासारखा." काडी तिनं काढली नाही. माझा हात दुखायला लागला.

शेवटी तिनं काडी खाली केली आणि डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत होती, पण मला नव्हती बघत.

"झुवैना, माझे डोळे मिटले होते?"

मी मान हलवली, हो.

"मी नाही मिटले. आपोआप मिटले."

ती कठड्याला टेकून खाली बसली. काडी दोन्ही हातांत धरून. "त्याचेही मिटलेले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी. मी वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. आणि मला वाटलं, मी बघितलं म्हणून लाजेनं मिटले. चोर मिटतो तसे." तिनं हे दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त हळू.

मग तिनं वर पाहिलं. तीन कापलेले खुंट, तबकडीच्या नेमके समोर, त्यातल्या मधल्यातून तपकिरी रस ओघळून वाळलेला. ती बघत राहिली. मी दुसरीकडे पाहिलं.

"हे उन्हाळ्यात कापलेत," रय्या म्हणाली. "त्या दिवशी कॉफी मीच वर आणून दिली होती."

मी तोंड मिटून होते. दाढ दुखायला लागली, इतकं मिटून.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. रय्या मजलिसच्या दारात गेली. आमच्या गावात बाई तिथं जात नाही, निरोप धाडते. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मी तिच्या मागं. आतले आवाज एकेक करून विझले. ती म्हणाली की सरहाननं मला पाहिलं नाही, त्याचे डोळे मिटलेले होते, मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पोराला सांगितलं नाही. शेखांनी विचारलं, "मग आत्ता कशी खात्री पटली, नबहानच्या आई?" तिनं सांगितलं, झाडात किडा आहे, तो ऐकत होता हा; झाडाला कान लावून बघा, कोणाचे डोळे उघडे राहतात ते. केस उघडे होते हेही तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, पन्नास पुरुषांसमोर. नबहान आत बसलेला होता. तो उठून दोरी काढायला गेला, तर त्याचा हात खुंटीपर्यंत पोचत असून त्याला ती लवकर निघेना.

शनिवारी उजाडताच सरहान चढला. हाक त्यानं अशी दिली की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकली. खाली मी, रय्या, नबहान. मी झाडाखाली उभी राहत नाही कधी, बापापासून. त्या दिवशी राहिले. वरून आधी सालपटं पडली, मग ओला चोथा, मग त्यानं दोरानं पत्र्याचा डबा खाली सोडला. त्यात अंगठ्याएवढे जाड, पांढरे, तपकिरी डोक्याचे किडे वळवळत होते. नबहान मोजायला लागला आणि तेवीसवर थांबला. छिन्नीचा आवाज येत होता, एका लयीत. मग तो तुटक झाला. मग थांबला. सळई आत-बाहेर करताना दिसली. मग बघितलं तर सरहान दोरीत मागं रेलून बसला होता, दोन्ही हात मांडीवर. चाळीस वर्षांत मी त्याला झाडावर रिकाम्या हातांनी पाहिलं नव्हतं.

तो उतरला. पाय जमिनीला लागल्यावरही त्यानं दोरी सोडली नाही. कोपरापर्यंत हात तपकिरी झाले होते. तो नबहानकडे न बघता रय्याला म्हणाला, "पाडावं लागेल, नबहानच्या आई. आजच. खात्याला फोन करतो. पुरताना मी उभा राहीन."

नबहाननं तोंड वळवलं. खांदे हलत होते त्याचे. त्याला घावाचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

रय्या रडली नाही. ती खोडाकडे बघत होती. बोटं हलत होती तिची, मेंदी लावलेली, अंगठा एकेका पेरावर टेकत पुढं सरकत होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मी तिला ओळखते, ती काय मोजत होती ते मला कळलं, आणि सरहानलाही कळलं.

"दहा दिवस," ती म्हणाली. "दहा दिवस मी तुला चढू दिलं नाही, सरहान. त्या दिवशी किती आत होता तो?"

तो लगेच बोलला. आयुष्यात इतकं चटकन तो कधी बोलला नसेल.

"गाभा तेव्हाच गेला होता. मी ऐकलं तेव्हाच उशीर झाला होता. दहा दिवसांनी काही बदललं नाही."

"नक्की?"

"वल्लाह," तो म्हणाला. अल्लाहची शपथ. त्या क्षणापर्यंत माझ्या नवऱ्यानं आयुष्यात खोटी शपथ घेतलेली नव्हती.

रय्यानं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं खोटं बायकोच्या चेहऱ्यावर वाचता येतं, हे तिला ठाऊक आहे. मी पटकन खाली वाकले आणि त्याच्या हातातून दोरी घेऊन गुंडाळायला लागले.